चेंडू नसलेली टेप

पुण्याहून फोन आला की माझी मावशी हमखास विचारायची, "तू तिकडे नक्की करतेस काय गं?" मी सांगायचे, "लग्नाचे व्हिडिओ आणि बास्केटबॉलचे व्हिडिओ." मग पुढचा प्रश्न. "दोन्हींचा काय संबंध?" याचं उत्तर मला तेव्हा नीट देता आलं नाही. फोनवर मला कुठलंच उत्तर नीट देता येत नाही. म्हणून आता लिहून देते.

संबंध असा. अमेरिकेतल्या कॉलेजांना त्यांच्या संघांसाठी बास्केटबॉल खेळणारी मुलं-मुली हवी असतात. खेळाच्या जोरावर तिथे शिकायला मिळतं. पण तिथला कोच काही इकडे न्यूझीलंडमध्ये, ऑकलंडच्या शाळेच्या जिममध्ये येऊन बसत नाही. आला तरी ज्यांचं आधीच नाव झालंय, त्या दोघा-तिघांना बघून जातो. बाकीच्यांनी आपली माहिती आपणच पाठवायची. फोटो, उंची, मार्क आणि खेळाची तीन-चार मिनिटांची डीव्हीडी. मग वाट बघायची. उत्तर बहुतेक वेळा येत नाही. नकार कळवायचीही पद्धत नाही. मराठी वाचकाला याहून जास्त समजावून सांगायची गरज नसावी. दोन्ही व्यवसायांत उंचीला दोन इंच जास्त लावतात, हेही जाता जाता सांगते.

आमचा स्टुडिओ ऑकलंडच्या पेनरोज भागात होता, गालिच्यांच्या गोदामाच्या मागे. मालकाचं नाव रसेल. वय साठीचं. बारा महिने हाफ पँट आणि पायात जँडल्स, म्हणजे आपल्या साध्या रबरी स्लिपर्स. लग्नाच्या शूटिंगला जाताना तो त्यावर कोट घालायचा, कारण कॅमेऱ्यामागे उभ्या माणसाचे पाय कोणी बघत नाही असं त्याचं मत होतं. पामर्स्टन नॉर्थला शिक्षण संपवून मी त्याच्याकडे मुलाखतीला गेले, तेव्हा त्याने एकच प्रश्न विचारला. "फार बोलतेस का?" मी नकारार्थी मान हलवली. "स्वीट अ‍ॅज," तो म्हणाला. म्हणजे इकडच्या बोलीत झकास. नोकरी लागली.

रसेलकडे डीव्हीडीच्या पहिल्या पडद्याचा एकच नमुना होता. गुलाबाच्या पाकळ्या वरून संथपणे पडतात, कोपऱ्यातून दोन पांढरी कबुतरं उडत जातात आणि मध्ये नाव उमटतं. हा त्याने लग्नांसाठी कधीतरी बनवून घेतला होता. दुसरा बनवावा असं त्याला कधीच वाटलं नाही. त्यामुळे सहा फूट चार इंच उंचीचा, हातभर गोंदवलेला मुलगासुद्धा आमच्या डिस्कवर आधी पाकळ्यांच्या पावसात प्रकट व्हायचा. मी एकदा धीर करून विषय काढला. रसेल म्हणाला, "येह, नाह," म्हणजे नाही. "लोक रडतात तो पडदा बघून." ते खरं होतं, पण लोक वेगळे होते.

कामाचे नियम थोडे होते. सगळ्यात चांगला तुकडा पहिला, कारण कोच अर्ध्या मिनिटात कंटाळतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला चित्र क्षणभर थांबवायचं आणि आपल्या खेळाडूवर बाण दाखवायचा, नाहीतर तिथे बसलेल्या माणसाला दहा जणांतला आपला कोणता ते कळणार कसं? आणि तिसरा नियम रसेलने भिंतीवर चिकटवूनच ठेवला होता: चेंडू दिसलाच पाहिजे. चेंडू नसलेला बास्केटबॉलचा व्हिडिओ म्हणजे नवरी नसलेला लग्नाचा व्हिडिओ, असं तो म्हणायचा. तसाही एक त्याने केला होता, पण ती वेगळी गोष्ट.

सुरुवातीची एक फजिती सांगते. न्यूझीलंडच्या आणि अमेरिकेच्या टीव्हीची पद्धत तेव्हा वेगळी असायची. इकडची डिस्क तिकडे लावली तर चित्र उभं-आडवं फिरत राही. आमच्या पहिल्या काही डिस्क तशाच गेल्या. एका कोचने प्रामाणिकपणे कळवलं की मुलगा वेगवान वाटतोय, पण तो काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांमधून बाहेर येत नाहीये. त्यानंतर रसेलने कुठूनतरी एक जुना अमेरिकन टीव्ही पैदा केला आणि प्रत्येक डिस्क त्यावर लावून बघितल्याशिवाय पोस्टात जायची नाही असं ठरलं.

विचित्र गिऱ्हाइकांत पहिला नंबर जेडनचा. हा मुलगा उंचीने माझ्याहून थोडासाच जास्त होता, पण त्याला डिस्कमध्ये फक्त डंक हवे होते. डंक म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबायचा. त्याने स्वतःच शूट करून आणलेली टेप मी लावली आणि थक्क झाले. पोरगा पक्ष्यासारखा उडत होता. मग माझं लक्ष मागच्या बाकावर गेलं. तिथे एक अगदी लहान मुलगा आइस्क्रीम खात बसला होता आणि तो उभा राहिला तेव्हा रिंगच्या मानाने फारच मोठा दिसायला लागला.

"ही प्राथमिक शाळा आहे का?" मी विचारलं.

"जवळपास तशीच," जेडन म्हणाला. "तो पोरगा काढता येईल ना?"

पोरगा काढता आला असता. पण मागे भिंतीवर हाताच्या ठशांची रंगीत फुलं होती आणि पिण्याच्या पाण्याचा नळ गुडघ्याएवढा होता. त्याने शाळेच्या सामन्याचीही एक टेप आणली होती; मी त्याला म्हटलं, तिच्यातले तुझे पास चांगले आहेत, ते टाकू. तो म्हणाला, "पास कोणीही देतं."  डिस्क त्याच्या मनासारखी झाली, गेली आणि उत्तर आलं नाही. त्याचे पास खरंच चांगले होते. ती टेप मला अजून आठवते.

आता सोहोनींकडे येते.

एका शनिवारी ऑकलंडच्याच उत्तर टोकाच्या अल्बनीहून एक कुटुंब आलं. नितीन सोहोनी, पाण्याच्या पाइपलाइनचे इंजिनियर. त्यांच्या पत्नी वृंदाकाकू. आणि सतरा वर्षांची मुलगी गार्गी, जिने हुड डोक्यावर ओढून घेतलं होतं आणि आपण या दोघांबरोबर आलेलो नाही असा चेहरा केला होता. वृंदाकाकूंनी सवयीने स्टुडिओच्या दारातच चपला काढल्या. रसेलने त्या चपलांकडे आणि मग स्वतःच्या जँडल्सकडे बघितलं आणि तो आतल्या खोलीत निघून गेला.

"मराठी आहेस? पुण्यात कुठली?" सोहोनीकाकांनी विचारलं.

"कोथरूड."

"मग प्रश्नच मिटला," असं म्हणून त्यांनी टेबलावर एक भलीमोठी पिशवी उपडी केली. टेपांचा ढीग. "तिची एकही मॅच सोडलेली नाही मी."

परिस्थिती वृंदाकाकूंनी सांगितली. गार्गीने बऱ्याच कॉलेजांना ई-मेल लिहिले होते. उत्तर आलं ते एकाच ठिकाणाहून, अमेरिकेच्या मधोमध मक्याच्या शेतांत असलेल्या एका लहानशा कॉलेजच्या कोच बाईंकडून. त्यांनी खेळाची फिल्म मागवली होती. "आमचं ठरलंय," काकू म्हणाल्या. "त्या बाई हो म्हणाल्या तर जा बापडी. नाही म्हणाल्या तर इथलंच कॉलेज, इंजिनियरिंग, आणि बॉल गॅरेजमध्ये. परत विषय नाही."

"मम, स्टॉप टेलिंग एव्हरीवन," गार्गी म्हणाली.

"एव्हरीवन कुठे आहे इथे? ही एकटीच तर आहे."

गार्गी चार वर्षांची असताना इकडे आली. मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीत. माझ्याकडे बघून ती एवढंच म्हणाली की मी फार बास्केट टाकत नाही, तर तुला थोडं शोधावं लागेल. तिच्या शाळेच्या संघात टेगन नावाची एक ताडमाड मुलगी होती. गुण सगळे टेगनचे. कोणी निवड करायला आलं तर ते टेगनसाठी. शाळेचे सर सामने शूट करायचे, पण कॅमेरा चेंडूमागे आणि चेंडू टेगनकडे. शाळेच्या टेपमध्ये गार्गी म्हणजे कडेला दिसणारं एक कोपर.

"म्हणून तर माझ्या टेपा," काका म्हणाले. "त्यात फक्त गार्गी आहे."

ते किती शब्दशः खरं होतं, हे सोमवारी कळलं.

तेव्हा टेप कॉम्प्युटरवर घ्यायला टेप जेवढ्या वेळाची तेवढाच वेळ लागायचा. पुढे पळवून चालायचं नाही. बसून बघायचं. मी पहिली टेप लावली. पडद्यावर गार्गी, डोक्यापासून कमरेपर्यंत. गार्गी डावीकडे पळतेय. गार्गी उजवीकडे पळतेय. गार्गी थांबली. प्रचंड आरडाओरडा, टाळ्या. गार्गी हसली. टाळ्या कशाला वाजल्या ते कळायला मार्ग नाही. चेंडू नाही, रिंग नाही, दुसरा संघ आहे की नाही तेही नक्की नाही. चेंडू फ्रेममध्ये आला तो एकदाच, तिच्या खांद्यावर आदळताना.

दुसरी टेप तशीच. तिसरीही तशीच.

आणि मला एकदम ओळख पटली. शाळेच्या गॅदरिंगला आपल्याकडचे आईबाप असंच शूट करतात. मी दुसरीत असताना नाटकात मागच्या रांगेतलं झाड होते. बाबांनी पाहुण्यांचा कॅमेरा आणून ते नाटक शूट केलं. त्या कॅसेटमध्ये राजा नाही, राणी नाही, राक्षस नाही. अथपासून इतिपर्यंत एक झाड आहे, जे मध्येच नाक खाजवतं. सोहोनीकाकांचं शिक्षण त्याच परंपरेत झालेलं. मुलगी फ्रेमबाहेर जाता कामा नये, बाकी सामना देवावर.

आवाजाची वेगळी तऱ्हा. कॅमेऱ्याच्या माइकशेजारी काकू बसायच्या.

"गार्गी, पाणी! अहो, तिला कोणीतरी पाणी द्या."

"शूटिंगमध्ये बोलू नकोस."

"मी कुठे बोलतेय?"

"हे बोलतेयस."

"ती घाऱ्या डोळ्यांची बघा, मुद्दाम ढकललं तिने. चेहऱ्यावरून वाटलंच होतं. चिवडा संपवला तुम्ही?"

आणि मग कुरुम-कुरुम, संपूर्ण पहिल्या हाफभर.

सगळ्यात कहर एका टेपवर होता. शेवटचे काही क्षण, बरोबरीचा सामना. गार्गी वळते, चेंडू झेलायला दोन्ही हात वर नेते आणि एकदम पडद्यावर जिमचं छप्पर. छप्पर, ट्यूबलाइट, पुन्हा छप्पर आणि काकांचा आवाज, "गेला! गेला! आत गेला!" वर्षभरात गार्गीने जिंकून देणारी एकच बास्केट टाकली होती आणि तेवढ्या एका क्षणी बापाने आनंदाने उडी मारली होती.

रसेल मागे येऊन उभा राहिला. बराच वेळ बघत होता. "बॉल कुठाय?" त्याने विचारलं.

"नाहीये."

"कुठल्याच टेपमध्ये?"

"एकदा खांद्याला लागलाय."

"येह, नाह," तो म्हणाला. त्याचं म्हणणं, काही चांगले फोटो घ्यावेत, वर गाणं टाकावं आणि लोकांना पैसे परत द्यावेत.

पण पिशवी संपवणं भाग होतं, म्हणून मी बघत राहिले. बघत राहणं हे मला जमतं. आणि चेंडू नसल्यामुळे बघायला गार्गीशिवाय दुसरं काही नव्हतंच. हळूहळू लक्षात आलं की तिचं तोंड कधीच बंद नसतं. ती सारखी काहीतरी ओरडतेय, बोट दाखवतेय, कुणाला तरी हाताने तिकडे पाठवतेय. आणि ती कुठेतरी जाऊन ताठ उभी राहिली, दुसरी मुलगी येऊन तिच्यावर धाडकन आदळली, की लगेच टाळ्या वाजतात. दर वेळी.

याला स्क्रीन म्हणतात. आपल्या खेळाडूमागे लागलेल्या मुलीच्या वाटेत जाऊन खांबासारखं उभं राहायचं. ती आपल्यावर आपटते, तेवढ्यात आपली मैत्रीण मोकळी होते आणि बास्केट टाकते. टाळ्या तिला. आपल्याला बरगडीत कोपर.

लग्नांचं काम करून मला एक गोष्ट कळली होती. प्रत्येक लग्नात अशी एक बाई असते, जिचा अल्बममध्ये एकही धड फोटो नसतो, कारण ती प्रत्येक फोटोत कुणाला तरी 'तिकडे जा' म्हणून हात करत असते. ती नसेल तर लग्न लागणार नाही. गार्गी ती बाई होती.

मी शाळेची टेप मागवून घेतली आणि पडद्याचे दोन भाग केले. डावीकडे शाळेची टेप, म्हणजे चेंडू आणि टेगन. उजवीकडे त्याच क्षणाची काकांची टेप, म्हणजे गार्गी. दोन्ही जुळवणं सोपं नव्हतं, कारण शाळेच्या टेपला आवाज नव्हता. पालक पंचांना काय काय बोलतात ते रेकॉर्ड होऊ नये म्हणून सर माइक बंद ठेवायचे. पंचाचा हात वर गेलेला तिकडे बघायचा आणि शिट्टी काकांच्या टेपमध्ये ऐकायची, असं करत करत जुळवलं. आणि मग जे दिसायला लागलं ते बघून मी खुर्चीवरून उठले. उजवीकडे गार्गी बोट दाखवते, डावीकडे टेगन बरोबर तिथे पोचते. उजवीकडे गार्गीला धडक बसते, डावीकडे बास्केट पडते. जणू उजव्या पडद्यावर रिमोट कंट्रोल होता.

रसेलने भिंतीवरच्या नियमाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी मी त्याच्याशी नोकरीतलं सगळ्यात लांब वाक्य बोलले. म्हटलं, "चेंडू असलेल्या मुलींच्या डिस्क त्या बाईंकडे ढिगाने येत असतील, पण हिचं काम चेंडू नसतानाच चालतं, आणि ते आपल्याला दुसरं कुठे मिळणारही नाही, कारण दुसरा कोणीही शहाणा माणूस असं शूट करणार नाही." रसेल थोडा वेळ जँडलचा पट्टा बघत राहिला. मग म्हणाला, "पाकळ्या मात्र ठेवायच्या."

डिस्क दाखवायला सोहोनींना बोलावलं. काकांना अतिशय आवडली. त्यांची एकच सूचना होती, छपराचा तुकडा घ्यावा. "दिसत नाही हे मान्य, पण आवाजावरून कळतं ना." काकूंना शेवटी बारावीचे मार्क आणि एक केस नीट विंचरलेला फोटो हवा होता. गार्गीने हुड काढलं, दोनदा पूर्ण डिस्क बघितली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "दॅट्स मी. दॅट्स व्हॉट आय डू." मग तिचा चेहरा पडला. "बट म्यूट देम. प्लीज."

"आम्हाला?" काकू म्हणाल्या.

"मम, यू आर ईटिंग चिवडा थ्रू द होल थिंग."

"मी नाही, बाबा."

मी म्यूट करून बघितलं होतं. अडचण अशी की आवाज होता तो काकांच्याच टेपचा आणि आईच्या आवाजाखाली गार्गीचा आवाज होता. ती मैदानात ओरडून संघाला जे सांगत होती ते तिथे ऐकू येत होतं. एक घालवला की दुसरा जात होता. मी हे सांगितल्यावर गार्गीने हुड परत ओढून घेतलं आणि आतून म्हणाली, "फाइन."

डिस्क अमेरिकन टीव्हीवर लावून बघितली. पाकळ्या पडल्या, कबुतरं उडाली, गार्गी सोहोनी असं नाव उमटलं. पार्सल गेलं.

मग वाट बघणं सुरू झालं. काका एक दिवसाआड फोन करायचे. "काही कळलं का गं तिकडून?" उत्तर माझ्याकडे येणार नसून गार्गीकडे येईल, हे मी दर वेळी सांगायचे. "हो, हो, ते आहेच," ते म्हणायचे आणि पुन्हा फोन करायचे. काकूंनी इंजिनियरिंगचा अर्ज आणून फ्रिजवर लावला. गार्गीने रोजचा सराव चालू ठेवला, पण बॉल गॅरेजमध्येच ठेवायला लागली, हे मला काकांनी सांगितलं. त्या दिवशी त्यांचा आवाज लहान झाला होता.

आणि एका सकाळी स्टुडिओचा फोन वाजला. रसेल लग्नाला गेला होता. मी वाजू दिला. तो थांबला आणि परत वाजला. काकाच असणार असं समजून मी उचलला.

पलीकडे एक जाड, सावकाश आवाजाची बाई होती. "गुलाबवाले तुम्हीच का?" तिने इंग्रजीत विचारलं.

आमचा नंबर डिस्कच्या वेष्टनावर असायचा. मी म्हटलं, "हो."

"मला आधी वाटलं, कुणीतरी चुकून लग्नाचं पाठवलं. उजव्या बाजूची ती टेप पूर्ण आहे का तुमच्याकडे? नुसती ती. न कापलेली. एक आख्खा सामना."

"चेंडू दिसत नाही त्यात," मी म्हटलं, कारण ग्राहकाला फसवू नये.

"चेंडू कुठे असतो ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "मला चेंडू नसताना मुली काय करतात ते बघायचं असतं आणि ते मला कोणीच पाठवत नाही. हे शूट कोणी केलंय? खूप विचार केलेला दिसतो."

मी म्हटलं, "वडिलांनी." विचाराबद्दल काही बोलले नाही.

"मला ही मुलगी हवी आहे. तिला मी आजच कळवते. एक विचारू? ती मागे सतत बोलणारी बाई, आई ना? काय म्हणत असते ती? माझ्या सगळ्या संघाने ऐकलं. आम्ही पैजा लावल्यात. मला वाटतं ती डावपेच सांगतेय."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "ती म्हणतेय, तिला कोणीतरी पाणी द्या."

"प्रत्येक वेळी?"

"बहुतेक वेळा."

 मग ती बाई म्हणाली, "गार्गीशी मी बोलेन. आईला तू सांग. सांग, आमच्याकडे पाणी आहे."

फोन ठेवला.  मी स्वतःहून कोणाला फोन लावत नसे, पण हा निरोप माझ्याकडे दिलेला होता. मी अल्बनीला फोन लावला. कुकरच्या शिट्टीमागून काकूंचा आवाज आला.

"काकू, कोच बाईंचा फोन होता. गार्गीला घेतायत त्या."

कुकर बंद झाल्याचं ऐकू आलं. 

"आणि तुम्हाला निरोप दिलाय. म्हणाल्या, आमच्याकडे पाणी आहे."

 नाक ओढल्याचा आवाज आला. इतक्या सगळ्या टेपा ऐकल्या होत्या मी, पण काकूंना एवढा वेळ गप्प कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी घसा साफ केला.

"उकळलेलं असतं का, ते विचारलंस?"

ते विचारायचं राहिलं होतं. मी कोथरूडची, त्यामुळे प्रश्न मला बरोबरच वाटला. काकूंना म्हटलं, विचारून सांगते, आणि पार्सलच्या पावतीवरचा नंबर काढून अमेरिकेला फोन लावला.